चौदा दिवसांची मुदत

११ जानेवारी

चौदा दिवस! कागदावर स्वच्छ लिहिलंय — "सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त घेऊ नये." आणि बाबा ती पोटाची कॅप्सूल दोन वर्षं घेताहेत. दोन वर्षं! रोज सकाळी, चहाच्या अर्धा तास आधी, न चुकता. न चुकता, कारण मी चुकू देत नाही.

औषधांचा डबा पुसायला काढला होता. कॅप्सूलच्या खोक्याच्या तळाशी तो घडी घातलेला पातळ कागद. मुंगीएवढी अक्षरं. आजवर उघडलाच नव्हता. मी! जी बसच्या तिकिटामागचे नियमसुद्धा वाचते.

पुढे काय काय लिहिलंय — फार दिवस घेतल्यास हाडं ठिसूळ होऊ शकतात. रक्तातलं एक जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. मूत्रपिंडाचंही काहीतरी. तीनदा वाचलं. बाबा फरश्या बसवतात. दिवसभर गुडघ्यांवर. आमच्या घराचं पोट त्या दोन गुडघ्यांच्या हाडांवर चाललंय, आणि मी रोज स्वतःच्या हाताने त्यांना हे देत होते.

उद्या विचारते.

१२ जानेवारी

बाबांना विचारलं, ही कॅप्सूल कोणी दिली, किती दिवस घ्या म्हणाले?

"हाडांच्या डॉक्टरांनी. गुडघ्याची गोळी आणि ही. जोडी आहे म्हणाले, जोडीनंच घ्यायची."

"किती दिवस?"

"ते कुठं आठवतंय, मास्तरीण?"

मी गोळ्या मोजायला लागले की मी मास्तरीण होते. चिठ्ठी शोधली. सापडली, पण शाई उडालेली, नुसता कोरा कागद आणि शिक्का. डॉक्टर दुसऱ्या गावी गेले म्हणे.

ऑफिसात दिवसभर हेच डोक्यात. आमचं काम दाबमापकांचं — बॉयलरवरचे, सिलिंडरवरचे गेज येतात, खऱ्या गेजशी ताडून बघायचे आणि मुदतीचा टॅग लावायचा. मुदत संपलेला गेज घेऊन येणारा प्रत्येक माणूस म्हणतो, "अहो, पण चालतोय की!" आमचे साहेब (सगळे त्यांना मिलिमीटर म्हणतात, त्यांनाही माहीत आहे) एकच उत्तर देतात: "चालतोय हा पुरावा नव्हे. टॅगवरची तारीख हा पुरावा." आजही एकाला म्हणाले. मला वाटलं, मलाच म्हणताहेत.

मुदत संपली की काढायचा. चालतोय म्हणून ठेवायचा नाही.

१३ जानेवारी

बंद केली. डब्यातून काढून टाकली.

आधी कोणाला तरी विचारावं असं वाटलं होतं. दवाखान्यात न्यायचं तर बाबांचा दिवस बुडतो. कोपऱ्यावरचे औषधवाले काका हसतील — दोन वर्षांनी कागद वाचलास का म्हणून. आईला विचारलं तर ती लोकांच्या कपड्यांवर इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली, "तू वाचलंस ना? मग झालं."

हे "मग झालं" मी आठ वर्षांची असल्यापासून ऐकतेय. घरात वाचता येणारी पहिली मी. विजेचं बिल, घरमालकाची नोटीस, शेजारच्या मावशींच्या मुलाचं पत्र — सगळं माझ्यापुढे यायचं. मी वाचलं की झालं. चुकलं तर पुन्हा वाचणारं कोणी नाही.

गुडघ्याची गोळी चालू ठेवली. ती बंद केली तर बाबा उठूच शकत नाहीत.

१७ जानेवारी

बाबांच्या छातीत जळजळ. आंबट पाणी घशाशी येतं. तीन दिवस झाले.

वाचनालयात जाऊन शोधलं. अशी औषधं एकदम थांबवली की पोट काही आठवडे जास्तच आम्ल करतं, मग आपोआप निवळतं, असं आहे. म्हणजे हे अपेक्षितच! जरा जीव भांड्यात पडला. पांढरं पातळ औषध आणून दिलं, दोन चमचे, जेवणानंतर.

त्याच पानावर खाली लिहिलं होतं — थांबवण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. मी तर थांबवून बसलेय. आता काय बोलावं?

२१ जानेवारी

बाबा म्हणतात बरं आहे. माझ्याकडे न बघता म्हणतात.

२६ जानेवारी

अर्धंच जेवले. "भूक नाही." मी विचारलं, पोट दुखतंय का? नाही. मळमळतंय? नाही. गुडघ्याच्या गोळ्या किती घेता? "एकच गं बाई, एकच. तू काय पोलिसात आहेस?"

एक म्हणतात, पण पाकीट फार लवकर संपलं. बोलले मी. जरा जास्तच बोलले. "तुम्हाला कळत नाही तर निदान मला खरं सांगत जा" — असं म्हणाले. आईने इस्त्री उभी करून ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. बाबा चपला घालून बाहेर गेले.

असं का बोलते मी? भीती वाटली की माझा आवाज वर चढतो. त्यांना ती भीती ऐकू येत नाही, नुसता आवाज येतो.

२ फेब्रुवारी

बाबांचा चेहरा पांढरट वाटतो. की ट्यूबलाइटमुळे?

४ फेब्रुवारी

ट्यूबलाइटमुळे नाही. सकाळी उन्हातही तसाच. जिना चढताना दोनदा थांबले. शनिवारी अर्धी सुटी आहे, तेव्हा दवाखान्यात न्यायचंच, हात धरून न्यायचं.

५ फेब्रुवारी

शनिवारपर्यंत थांबायला नको होतं.

अकरा वाजता ऑफिसात फोन. बाबा कामावर चक्कर येऊन पडले. अर्धी खोली बसवून झाली होती, कोपऱ्याची फरशी मापात कापायला उठले आणि कोसळले. सोबतच्या गवंड्याने उचलून आणलं. हॉस्पिटलात पोचले तर म्हणतो, "ताई, रक्ताची उलटी झाली. कॉफीच्या चोथ्यासारखी."

मिलिमीटर साहेब स्वतः सोडायला आले होते. मी उतरताना म्हणाले, "गेज कुठे जात नाहीत. जा."

दोन बाटल्या रक्त चढवलं. तिसरी लावताहेत. आई भिंतीला टेकून उभी आहे. बस म्हटलं तर बसत नाही.

६ फेब्रुवारी

तोंडातून दुर्बीण घालून तपासलं. जठरात व्रण. त्यातून रक्त वाहत होतं. चिमटा लावून बंद केलंय. डॉक्टर मॅडम तरुण आहेत, माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या. भराभर बोलतात.

त्यांनी बाबांना विचारलं, शौचाला काळं होत होतं का, डांबरासारखं? बाबा छताकडे बघत म्हणाले, चार दिवस. चार दिवस! मॅडम म्हणाल्या, अहो, ते रक्तच असतं, घरात सांगायचं नाही का कोणाला?

"मुलीला काय सांगायचं असलं काही," बाबा म्हणाले.

मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. तिथे बाबांचा केसपेपर अडकवलेला. वाचला. वाचणारच मी.

"गुडघ्यासाठी वेदनाशामक: रोज एक. आम्लरोधक कॅप्सूल: रोज, नियमित, दोन वर्षं."

रोज? नियमित? चोवीस दिवस झाले बंद करून! कोणी सांगितलं हे? बाबांशिवाय कोण सांगणार?

७ फेब्रुवारी

मॅडम आज कॉरिडॉरमध्ये म्हणाल्या, "मला एक गोष्ट खटकतेय. रोज एकच वेदनाशामक, वर पोटाचं संरक्षण चालू, तरी व्रण इतका खोल गेला. म्हणजे साधं प्रकरण नसावं. तुकडा तपासायला पाठवलाय. पण आणखी मोठ्या तपासण्या कराव्या लागतील. पुन्हा रक्त सुटलं तर थेट शस्त्रक्रियेचाही विचार करू."

मी "हो" म्हणाले. नुसतं "हो"!

तोंड उघडलं होतं. शब्दही तयार होता — "बंद". बाहेर आला नाही. त्यांनी पाठ फिरवली आणि निघून गेल्या. मी तिथेच.

त्यांना वाटतंय औषध हरलं. औषध हरलं नाही. औषध नव्हतंच. मी बोलले नाही तर बाबांचं पोट कापतील, नसलेल्या कारणासाठी. आणि बोलले तर — बोलले तर सगळ्यांना कळेल की हे मी केलं.

८ फेब्रुवारी

सकाळी औषधवाल्या काकांकडे गेले. गिऱ्हाईक नव्हतं. सगळं सांगितलं, एका दमात. तो कागदही नेला होता.

हसले नाहीत. चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "ताई, हे चौदा दिवस कोणासाठी आहेत माहितेय? जो माणूस माझ्याकडे येऊन म्हणतो, जळजळतंय, काहीतरी द्या — आणि डॉक्टरकडे जातच नाही, त्याच्यासाठी. की बाबा रे, चौदा दिवसांत बरं नाही वाटलं तर दाखव, आत दुसरं काही दुखणं असेल. तुझ्या बाबांना डॉक्टरनं दिली होती. गुडघ्याची गोळी पोटाचं अस्तर खाते, म्हणून ही राखणीला. तू राखणदार काढलास आणि चोर ठेवलास. चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"पण हाडं —"

"हाडांचं खोटं नाही. वर्षानुवर्षं घ्यायची तर अधूनमधून डॉक्टरला विचारायचंच, अजून लागते का, कमी करता येते का. विचारायचं, आपल्या मनानं बंद नाही करायची."

मग म्हणाले, "चूक माझीही आहे. दोन वर्षं पाकिटं देतोय, एकदा विचारलं नाही. डॉक्टरीणबाईंना सांगितलंस का?"

मी मान हलवली. नाही.

"मग इथं काय करतेयस?"

९ फेब्रुवारी

गेले होते. मॅडम दुसऱ्या पेशंटपाशी. वाट पाहिली. त्या आल्या, हसल्या, म्हणाल्या, "बोल." मी म्हणाले, "बाबांना दूध दिलं तर चालेल का?"

दूध!

नंतर बाबांच्या पलंगाशी बसले. हळू आवाजात विचारलं, तुम्ही रोज घेत होतो असं का सांगितलंत?

सलाईन लावलेला हात चादरीवर, बोटांच्या पेरांत सिमेंट, तिथे कितीही धुतलं तरी राहतं. मग म्हणाले, "त्यांनी विचारलं, घरात औषधं कोण बघतं? मी म्हटलं, माझी मुलगी, शिकलेली आहे. मग विचारलं, नीट चालू होती ना? आता शिकलेली आहे म्हटल्यावर पुढं काय सांगू? तिनंच थांबवली म्हणून? परक्या बाईपुढं?"

"बाबा, त्यामुळे तुमचं ऑपरेशन होईल!"

"होऊ दे. पोटच आहे. गुडघे तर नाहीत ना."

हसवायला म्हणाले. मला हसू आलं आणि लगेच रडू. समोरच्या पलंगावरचे आजोबा विनाकारण उशी सारखी करत बसले.

"आणि गुडघ्याची गोळी एकच?"

डोळे मिटले. "तीन. कधी चार. उपाशीपोटी. तू बोलतेस ना, म्हणून वरच्या गोळ्या सुट्या आणायचो."

१० फेब्रुवारी

सांगितलं.

सकाळी नऊला त्यांच्या दारात उभी राहिले. कागदावर लिहूनच नेलं होतं, म्हणजे दूध मध्ये येणार नाही. वाचून दाखवलं: "तेरा जानेवारीपासून कॅप्सूल बंद होती. मी बंद केली. त्यांनी माझ्यासाठी खोटं सांगितलं. वेदनाशामक रोज तीन ते चार, उपाशीपोटी."

मॅडमनी तो कागद हातातून घेतला. मला वाटलं फाडतील. की ओरडतील — तुला कोणी डॉक्टर केलं म्हणून. मी त्याचीच वाट बघत होते. खरं तर हवंच होतं मला ते.

त्या बसल्या. पेन काढलं. केसपेपरवरचं "नियमित" खोडलं, तारीख घातली, सही केली. मग म्हणाल्या, "हे परवा सांगितलं असतंस तर दोन दिवस माझ्याही डोक्याला घोर नसता. पण आलीस. पुष्कळ लोक येत नाहीत." आणि जरा थांबून, "रोज चार गोळ्या आणि संरक्षण काही नाही. आता व्रण एवढा का गेला ते कळतं. घाईच्या तपासण्या थांबवते. तुकड्याचा रिपोर्ट येऊ दे."

दाराबाहेर आले. जिन्यातच बसले. हे हात दाखवून अवलक्षण नव्हे, हे मला तीन दिवस कळत नव्हतं.

१२ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. वाईट काही नाही!! जंतू सापडलेत, व्रण करणारे. त्यांच्यासाठी वेगळ्या गोळ्या.

आईने ऐकलं आणि पहिल्यांदा खुर्चीवर बसली.

१४ फेब्रुवारी

बाबा घरी.

निघताना मॅडमना मी अकरा प्रश्न विचारले. बाबांनी कपाळावर हात मारला, पण त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली. कॅप्सूल जेवणाच्या अर्धा तास आधी. अख्खी गिळायची, फोडून किंवा चावून नाही. निदान आठ आठवडे, नंतर पुन्हा दाखवायचं, तोवर कमी-जास्त नाही. जंतूंच्या गोळ्या चौदा दिवस — आणि त्या बरं वाटलं तरी मध्ये सोडायच्या नाहीत. (चौदा ऐकून मी एवढी दचकले की मॅडमनी "काय झालं?" विचारलं.) गुडघ्याची ती गोळी बंद, तिच्या जातीची कुठलीही नाही, दुखलं तर दुसरी साधी, तीही ठरल्याएवढीच. आणि रक्त भरून यायला लोहाची गोळी. तिने शौच काळसर होतं, घाबरायचं नाही. पण चक्कर, उलटी किंवा डांबरासारखं चिकट झालं तर तडक यायचं.

गुडघ्याच्या जुन्या गोळ्यांची पाकिटं आईजवळ दिली. म्हटलं, औषधवाल्या काकांकडे परत नेऊन दे, घरात नको.

१६ फेब्रुवारी

सकाळी संडासाच्या दारामागून बाबांचा आवाज. "मास्तरीण! काळी आहे!"

मी दाराबाहेर. "चिकट का?"

"ते कसं बघायचं?"

"बाबा!"

"नाही. नाही चिकट. हिरवट काळी. बास की आता!"

तरी मी हॉस्पिटलात फोन केला. नर्स म्हणाली, लोहाचीच असणार, चक्कर नाही ना? नाही. दिवसातून पाच वेळा त्यांची नखं बघते, गुलाबी आहेत का. बाबा आता मी यायच्या आधीच हात पुढे करतात.

पण त्यांनी हाक मारली. चार दिवस लपवणारा माणूस दारामागून ओरडून सांगतो! कान लाल झाले असतील त्यांचे.

१९ फेब्रुवारी

ऑफिसात पुन्हा रुजू. साहेबांना सगळं सांगितलं, टॅगचंही. त्यांनी हातातला गेज खाली ठेवला. "अहो, पण टॅगवर तारीख घालतं कोण? ज्यानं गेज तपासला तो. तुम्ही दुसऱ्याच गेजचा टॅग वाचलात."

नंतर दिवसभर त्यांनी माझं काही तपासलं नाही. ते जास्त भीतीदायक होतं.

घरी काही विचारायच्या आधी आता मी मनात दहा आकडे मोजते. आवाज खाली आणायला. बाबा म्हणतात, "काय गं, मंत्र म्हणतेस का?" आई काही म्हणत नाही. नुसती बघत असते.

२२ फेब्रुवारी

सकाळचे सव्वासात. गाडी बोलावलीय. पिशवी भरून झाली, गाडी येईपर्यंत लिहितेय.

आई इस्त्रीच्या टेबलापाशी उभी होती. कपड्यावरून नजर न काढता म्हणाली, "आता तू ओरडत नाहीस, म्हणून सांगते. ती पाकिटं मी परत दिली नाहीत. दिवसभर उभं राहून टाचा ठणकतात गं. वर्षभर तुझ्या बाबांच्यातल्याच घेतेय, रोज दोन. परवापासून मलाही काळं होतंय. चिकट. आणि मी तर लोहाची गोळी घेत नाही, ना?"

ओरडले नाही. खुर्ची दिली. ती म्हणतेय, गाडी येईस्तोवर हा शेवटचा सदरा तेवढा करून घेऊ का.